साथीदाराचा हक्क

एकत्र निर्मिलेल्या कलेवर नाव कोणाचे लागावे, हा प्रश्न निघाला की 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' हाच न्याय सर्वत्र चालतो. आम्हांला तो मान्य नाही. आणि इंग्लंडमधील 'प्रोकॉल हॅरम' या रॉक वाद्यवृंदाचा इतिहास आमच्या बाजूने साक्ष देतो.

हा वृंद १९६७ साली उभा राहिला. गायक गॅरी ब्रूकर यांनी चाल बांधली, कीथ रीड यांनी शब्द रचले, आणि मागाहून आलेल्या मॅथ्यू फिशर यांनी हॅमंड ऑर्गनवर बाखच्या वळणाची स्वरावली रचली. 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे ते गीत ब्रिटनमध्ये सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. ऑर्गनचे पहिले स्वर ऐकताच लोक गीत ओळखीत. कर्ते म्हणून नावे मात्र ब्रूकर व रीड यांचीच. फिशर १९६९ साली वृंदाबाहेर पडले, १९९१ च्या सुमारास परतले, आणि अखेर २००५ साली त्यांनी दावा लावला. २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांना सहकर्ते ठरवून संगीताच्या स्वामित्वहक्कात ४० टक्के हिस्सा दिला. २००८ साली अपील न्यायालयाने कर्तेपण राखले, पण विलंबास्तव हिस्सा काढून घेतला. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो एकमताने परत दिला.

'अडतीस वर्षे झोपलेल्यास न्याय कसला?' असा आक्षेप येतो. तो वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु विलंबाने नुकसान कोणाचे झाले? प्रतिपक्षाने तोवर सारे उत्पन्न घेतले. फिशर यांना मागील वर्षांची एक पैही मिळाली नाही, हिस्सा मिळाला तो दावा दाखल झाल्यापासूनचा. शिवाय अशा कर्तेपणाच्या मागणीस इंग्लिश कायद्याने मुदत घातलेलीच नाही.

दुसरा आक्षेप असा, की मग प्रत्येक साथीदार हिस्सा मागेल. मागो बापडा! सांगितलेले स्वर वाजविणे निराळे आणि नवे स्वर रचणे निराळे. हा भेद न्यायालयास कळतो. म्हणूनच मूळ चालीचे पारडे जड राहिले व फिशर यांना निम्मा वाटा मिळाला नाही.

गोमंतकीयांना ही कथा परकी वाटू नये. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा आमच्या कलावंतांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ रचला. संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचे लागले. त्यांची स्तुती पुष्कळ होते, पण स्तुतीने हक्क सिद्ध होत नाही.

म्हणून आमचे कलावंतांस निक्षून सांगणे आहे: ध्वनिमुद्रणापूर्वी कोणी काय रचले ते कागदावर उतरवा आणि सह्या करा. स्नेहाच्या भरात ही गोष्ट मागणे अवघड वाटते, हे खरे. परंतु गीत गाजल्यावर ती मागणे त्याहून अवघड होते. आणि जो वृंदप्रमुख अशा कागदास नकार देईल, त्याच्या मनात पारध्याचाच न्याय आहे असे खुशाल समजावे.