पूर ओसरला, पण कोठीतली ज्वारी खायची का? समजून घ्या

औंढा नागनाथ : जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीमुळे शेजारच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. अशा पुरानंतर ऊन पडले की भिजलेला गहू, ज्वारी वाळत घातली जाते. वर्षाचे धान्य फेकवत नाही, हे खरेच. पण धोका तिथेच आहे.

वाळवलेले धान्य का चालत नाही?

पुराच्या पाण्यात शौचालयाचे खड्डे, गोठा, उकिरडा असे सगळे मिसळलेले असते. त्यात शेतकऱ्याच्या घरी खताची पोती आणि फवारणीची औषधे अनेकदा धान्याच्याच खोलीत असतात. शिजवल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश जाईलच असे नाही. ओल्या धान्यावर एक-दोन दिवसांत बुरशीही धरते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. भाकरी कितीही भाजली तरी ते पूर्ण नष्ट होत नाही. असे धान्य गुरांनाही घालू नये. हे विष दुधात उतरते.

काय ठेवायचे, काय टाकायचे?

पाणी लागलेले धान्य, पीठ, डाळी, मसाले टाकावेत. स्टीलच्या कोठीचे झाकण पुराचे पाणी अडवत नाही. लाकडी पोळपाट-लाटणेही बाद. स्टीलची भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यात ठेवावीत. वीज चार तासांहून जास्त गेली असेल, तर फ्रिजमधले दूध आणि शिजवलेले अन्न वापरू नये. विहीर, बोअरचे पाणी शुद्धीकरण होईपर्यंत उकळूनच प्यावे. सिलिंडर पाण्यात होता, तर आधी एजन्सीकडून तपासणी. गळतीचा वास आल्यास 1906 वर फोन करावा.

पंचनाम्याआधी टाकले तर?

खरी अडचण ही आहे. पुरावा म्हणून ओली पोती घरातच राहतात आणि बुरशी वाढते. त्यापेक्षा पोत्यांचे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो काढावेत, तलाठ्याला कळवावे आणि पोती घराबाहेर वेगळी ठेवावीत.

मदत मात्र तोकडीच. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी 2,500 रुपये आहेत. कोठीतल्या धान्याची भरपाई त्यात येत नाही. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतील कुटुंबांना राज्याने 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत दिले होते. पाच जणांच्या घरात एवढे धान्य महिनाभरही पुरत नाही.