लॉर्ड ऑररीचे इमान

इतिहासातील पुरुषांची पारख ते कोणत्या सिंहासनाशी इमानी राहिले एवढ्यावरून करण्याची रीत किती अपुरी आहे, हे सतराव्या शतकातील आयर्लंडचा रॉजर बॉइल, ऑररीचा पहिला अर्ल, याच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

मन्स्टर प्रांतात अफाट जमीनजुमला संपादन करणाऱ्या कॉर्कच्या अर्लचा हा पुत्र, शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलचा वडील बंधू, १६२१ मध्ये लिस्मोर येथे जन्मला. १६४१ मध्ये आयरिश कॅथलिकांनी उठाव केला, तेव्हा त्याने इंग्रज वसाहतवाल्यांच्या बाजूने शस्त्र धरले; इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदानंतर तो राजाच्या परागंदा पुत्राकडे निघाला असता संसदपक्षाचा सेनानी क्रॉमवेल याने त्यास गाठून कैद किंवा सेनानायकत्व यांतून एकाची निवड करावयास सांगितले, असे त्याच्याच पदरच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. पुढे १६५७ मध्ये, सत्ताधीश झालेल्या क्रॉमवेलने राजमुकुट स्वीकारावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत तो अग्रणी होता, आणि तीनच वर्षांनी त्याच परागंदा राजपुत्रासाठी, म्हणजे दुसऱ्या चार्ल्ससाठी, आयर्लंड सुरक्षित करून त्याने अर्लची पदवी व मन्स्टरचे अध्यक्षपद मिळविले.

यावरून त्यास संधिसाधू ठरविणारे टीकाकार आणि मुत्सद्दी म्हणून गौरविणारे चरित्रकार, दोघेही धन्याकडेच पाहतात, जमिनीकडे पाहत नाहीत. धनी बदलले, परंतु आयरिश कॅथलिकांकडून जप्त झालेल्या जमिनी इंग्रज प्रॉटेस्टंटांच्या कबजात राहाव्यात या त्याच्या हेतूत तसूभरही फरक पडला नाही. राजा परतल्यावर आपली वतने परत मिळतील या आशेवर असलेल्या असंख्य कॅथलिक घराण्यांची जमिनींच्या मालकीचा निवाडा करणाऱ्या १६६२ च्या कायद्याने जी निराशा झाली, तिच्या मुळाशी ऑररीची खटपट होती. १६५० मध्ये कॅरिगाड्रोहिडच्या गढीतील शिबंदीस शरण जाण्याचा उपदेश करण्याऐवजी लढत राहा असे सांगणाऱ्या रॉसच्या बिशपास त्याने फासावर चढविले, हे त्या हेतूचेच निर्दय रूप होय.

नाटके, ‘पार्थेनिसा’सारखी प्रदीर्घ अद्भुतकथा आणि युद्धकलेवरील ग्रंथ लिहिणाऱ्या या मनुष्याची बुद्धिमत्ता कोणीही नाकारणार नाही, परंतु ज्या बुद्धीने एका समाजाच्या उच्चाटनावर कायद्याची मोहोर उमटविली, तिचा गौरव करताना उच्चाटित झालेल्यांची बाजूही त्याच पानावर मांडली गेली पाहिजे. ऑररी एका गोष्टीशी अखेरपर्यंत इमानी राहिला, आणि ते इमान आयर्लंडला फार महाग पडले.