दोन खोल्या की दोन तास?



माझा भाचा आणि त्याची बायको घर शोधताहेत. दोघांची ऑफिसं फोर्टात. त्यांच्या पैशांत बदलापूरला टू बीएचके बसतो, डोंबिवलीत जेमतेम वन. घरातली सगळी मोठी मंडळी बदलापूरच्या बाजूची. मी डोंबिवली म्हटलं, तर वहिनी दोन दिवस बोलली नाही.

सीएसएमटीहून डोंबिवली ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. शिवाय कल्याणच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की ताटकळत उभं राहा. चौविहार दोन्हीकडून ऑफिसच्या डब्यावरच पाळायचा, ते मी जाणते. पण सकाळचं देवदर्शन? मंदिर शेजारी असूनही पोरीला स्टेशनकडेच धावायचं असेल, तर त्या शेजाराचा उपयोग काय? जास्तीची खोली झाडायचीही तिनेच, हे वेगळं सांगायला नको.

डोंबिवली जुनी, गर्दीची, रस्ते अरुंद, सगळं मान्य. पण भाजी, डॉक्टर, पाळणाघर पायी अंतरावर. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण पोरं नटूनथटून जमतात. या वयात त्यांना असंच गाव हवं.

बीकॉमवालीचा एक हिशोब सांगते. घर फक्त सुनेच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांवर पन्नास हजार! नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट घेतला, तर जीएसटीही नाही.

हे सांगितल्यावर वहिनी आणखीच गप्प झाली. भाचा मात्र रविवारी डोंबिवलीत घरं बघायला जातोय, बायकोला घेऊन.