पट्टी कोणाच्या नावाने निघते?

मृगाच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात बायकांची बैठक होती. सेंद्रिय शेतीचा गट करायचा, सगळ्यांनी मिळून प्रमाणपत्र घ्यायचे, म्हणजे मालाला चार पैसे जास्त मिळतील, असा विचार होता. माहिती द्यायला आलेला कार्यकर्ता मनापासून बोलत होता. गांडूळखत, दशपर्णी अर्क, जीवामृत सगळे त्याने समजावून सांगितले. बायका आपसांत हसत होत्या, कारण शेणामुताचे काम त्यांना नवीन नव्हते. मग त्याने अर्ज काढले आणि प्रत्येकीने सातबारा जोडावा असे सांगितले. अठरा जणींपैकी सातबाऱ्यावर नाव होते तिघींचे. तिघीही विधवा. एक जण म्हणाली, "म्हंजे नाव लागाले आधी नवरा मेला पायजे का?" त्यावर कोणी हसले नाही.

टिकाऊ शेती, शाश्वत शेती हे शब्द आता सरकारी पत्रकांपासून जागतिक बँकेच्या प्रकल्पापर्यंत सगळीकडे आहेत. त्यांचा अर्थ दोन प्रकारे सांगतात. शेती पैशाने परवडली पाहिजे आणि माती-पाणी पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहिले पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण आमच्या तालुक्यात ही शेती आजवर कोणाच्या जिवावर टिकली, आणि ज्या बाईने ती टिकवली तिचा हिशेब कुठे आहे, हे विचारल्याशिवाय त्या दोन्हींचा उलगडा होत नाही.

संग्रामपूर तालुक्याला दोन तोंडे आहेत. उत्तरेला सोनाळा, टुनकीकडे डोंगराचा पायथा, संत्र्याच्या बागा आणि वर जंगलात आदिवासी वस्त्या. दक्षिणेला पातुर्ड्याच्या बाजूने पूर्णेचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी कसदार दिसते, पण खालचे पाणी खारे. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही सोसत नाही. किडनीच्या आजाराची माणसे इथे घरोघरी भेटतात. नळयोजनेचे पाणी आले तर आले, नाहीतर गोड्या पाण्याचा हंडा बाईच्याच डोक्यावर. अशा भागात शेती म्हणजे पावसाची शेती, आणि ती जगवायची रीत जुन्या बायकांना ठाऊक होती.

आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजी सांगतात, त्यांच्या तरुणपणी कपाशीच्या शेतात तुरीचे तास असत, ज्वारी असे, मूग-उडीद असे. बांधाला अंबाडी, मधेमधे बरबटी, तीळ. एक पीक गेले तरी दुसरे हाताला लागे. ज्वारीचा कडबा होता म्हणून दावणीला गुरे होती, गुरे होती म्हणून शेणखत होते, शेणखत होते म्हणून जमीन पाणी धरून ठेवत होती. बी राखायचे काम बाईचे. चांगली कणसे वेगळी काढायची, वाळवायची, राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात ठेवायची. पुढच्या साली काय पेरायचे हे ठरवताना त्या मडक्याकडे पाहावे लागे, म्हणून पेरणीच्या निर्णयात बाईला थोडातरी शब्द होता. तो काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. मार होता, उपास होता, दळण होते. पण बियाणे घरात होते.

नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरले. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाणे पाकिटातून यायला लागले, आणि पाकीट कृषी केंद्रातून उधारीवर आणायचे काम पुरुषाचे. ज्वारी मागे पडली, त्याला कारणेही आहेत. भाव नाही, पाखरे राखायला माणूस नाही, रानडुकरे आणि रोही उभे पीक झोपवतात. ज्वारी गेली तशी गुरे गेली. आता सेंद्रिय शेतीसाठी शेणखत हवे म्हटले तर ट्रॉलीने विकत आणावे लागते. सोयाबीनबद्दल एका बाईने मला एका वाक्यात सगळे सांगितले: "ताई, सोयाबीन विकता येते, चुलीवर टाकता येत नाही." २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. म्हणजे पीक घरात खायचेही नाही आणि बाजारात खर्चही काढायचे नाही.

तुरीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तूर खामगावच्या बाजारात जाते, तिथून अकोल्याच्या डाळ मिलमध्ये, आणि डाळ होऊन किराणा दुकानात परत येते. पिकवणारी बाई ती अर्धा किलो, पाव किलो करून विकत घेते. पूर्वी हीच तूर पाणी लावून, वाळवून, जात्यावर भरडून घरात डाळ व्हायची.

निंदणाचेही तसेच. तणनाशकाला दाद न देणारी कपाशी सरकारमान्य नसतानाही इकडे सर्रास पेरली जाते. २०१९ च्या जूनमध्ये जवळच्या अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती जाहीरपणे पेरली होती. त्यांचे म्हणणे, निंदणाचा खर्च परवडत नाही. ज्या बाईचे चार एकर आहेत तिला ते पटते, हे आपण मान्य केले पाहिजे. दिवसभर वाकून निंदण करणे हे काही गौरवाचे काम नव्हे. पण भूमिहीन बाईचा पावसाळ्यातला रोज त्याने गेला, आणि तांदुळजा, अंबाडी, बरबटी या फुकटच्या भाज्याही जळाल्या. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात धरायचे?

मग सेंद्रिय शेती हे उत्तर आहे का? आहे, पण अर्धे. विदर्भात २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू झाले आणि त्यात आपला बुलडाणा जिल्हाही आला. हेतू चांगला आहे. परंतु रासायनिकातून सेंद्रियात जायला साधारण तीन वर्षे लागतात, त्या काळात उत्पन्न घटते आणि भाव मात्र साधाच मिळतो. ही तीन वर्षे कोण ओढून नेते? शेण गोळा करणे, पाला वाटणे, अर्क ढवळणे, पुन्हा हाताने निंदणे, सगळे बाई करते. औषधाचा खर्च वाचला असे नवरा सांगतो तेव्हा तो पैसा तिच्या कमरेतून वाचलेला असतो. खर्चाच्या तक्त्यात त्या जागी शून्य लिहिलेले मी पाहिले आहे.

हे सगळे आपल्याच भागात एकदा बोलले गेले होते, याची आठवण करून देते. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला, की ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावे जमीन करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. १९९१ मध्ये इथून जवळच शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली गेली. त्यात सीताशेती म्हणजे बाईच्या हातची, बाहेरचे विकत न आणता करायची शेती, आणि माजघर शेती म्हणजे माल कच्चा न विकता घरीच त्यावर प्रक्रिया करणे. खुल्या बाजाराबद्दल आपल्यातल्या अनेकींचे जोशींशी जमले नाही, माझेही जमत नाही. बायकोला जमीन 'देणे' ही भाषाही खटकते, कारण जे तिचेच आहे ते देणारा कोण? तरी टिकाऊ शेतीची आणि बाईच्या मालकीची गाठ त्यांनी तेव्हा बांधली होती. आजच्या प्रकल्पांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

मालकीचा आणि मजुरीचा भाग सोडला की काय होते, ते दूरच्या उदाहरणावरून दिसते. टिकाऊ अन्नव्यवस्था म्हटले की इटलीचे नाव निघते. गावोगावची बियाणी आणि पदार्थ जपणारी स्लो फूड चळवळ तिथलीच. त्याच इटलीत मजूर शेतावर नेणारा मध्यस्थ असतो, त्याला 'कापोराले' म्हणतात. आपला मुकादमच. २०१५ च्या जुलैत दक्षिणेकडच्या पुल्या भागात द्राक्षमळ्यात काम करताना पाओला क्लेमेंते ही ४९ वर्षांची बाई मरण पावली. मध्यरात्रीनंतर घर सोडून बसने जायचे, आणि दिवसाला हातात सुमारे २७ युरो. त्यानंतर २०१६ मध्ये मुकादमाबरोबर मालकालाही शिक्षा करणारा कायदा झाला. मोठी दुकाने उलटा लिलाव करून मालाचा भाव पाडत, ती पद्धतही २०२१ मध्ये बंद करावी लागली. तरीही २०२४ च्या जूनमध्ये लातिना भागात सतनाम सिंग या पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून देण्यात आले आणि तो गेला. दुकानाने भाव दाबला की शेतकरी मजुरी दाबतो. आपल्याकडे मजूर घरातलीच असते, एवढाच फरक.

आता पट्टीकडे येऊ. माल बाजारात गेला की हमाली, तोलाई वजा होऊन काटापट्टी हातात येते. ती ज्याच्या नावाने, पैसा त्याचा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहिवाटदारांपैकी बायका सुमारे १४ टक्के निघाल्या. ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांतल्या तिघी मात्र शेतीत राबतात. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या ५०५ आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन अजून लागलेली नव्हती. नवरा मेल्यावरसुद्धा नाही. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला, पण हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या आपल्यातही आहेत. मी स्वतः केली आहे. हे सांगितल्याशिवाय दुसऱ्यांना सातबारा मागायला लावणे मला बरे वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले. सत्कार, साड्या, फोटो होतात, ते होऊ द्या. आपण आपल्या गटांतून तीन गोष्टी धरून बसू या. सेंद्रिय गटाची किंवा शेतकरी कंपनीची सभासद होण्यासाठी कसणारी बाई आहे एवढे पुरावे म्हणून पुरले पाहिजे. पट्टी आणि खाते दोघांच्या नावाने निघाले पाहिजे. आणि खत, अर्क, बी राखणे या कामाचा रोज खर्चात लिहिला गेला पाहिजे, पुरुषाच्या रोजाच्या दराने. भूमिहीन बाईला सातबाऱ्याने काही मिळणार नाही, तिच्यासाठी गटाने मजुरीचा दर ठरवूनच प्रमाणपत्र मागावे. याबद्दल आमच्या गटातच दोन मते आहेत आणि भांडणही झाले आहे.

बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्यासाठी राज्य शासनाचे १९९२ चे लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक आहे. त्याची प्रत काढून आम्ही त्या गावात पुन्हा गेलो. उरलेल्या पंधरा जणींपैकी चौघींचे नवरे तयार झाले. पाचवा म्हणतो, सोसायटीचे कर्ज फिटू दे, मग पाहू. सहावीने घरी विषय काढला आणि दोन दिवस तिच्याशी कोणी बोलले नाही. चौघींचे अर्ज तलाठ्याकडे दिले आहेत. फेरफार निघाला की पुढच्या अंकात कळवीन.