जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत बडोद्याला घरी गेलो, तेव्हा बाबा अंगणात बुलेटशेजारी कंबर धरून बसले होते. बाबा ईएमईतून निवृत्त झाले आहेत. 'कर्म ही धर्म' हे कोअरचे ब्रीद त्यांच्या अंगात इतके भिनले आहे, की गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार होत नाहीत. वाकून काम करायला लागू नये म्हणून आम्ही घरीच लिफ्ट बनवायचे ठरवले.

भंगारातून चौकोनी लोखंडी पाइप आणले. खाली एक चौकट, वर सात फुटी फळी, दोन्हींना जोडणारे सारख्या लांबीचे चार हात आणि मध्ये तिरका बॉटल जॅक. हात सारखे असले की फळी वर जाताना सपाट राहते. मापे मी घेतली, वेल्डिंग बाबांनी केले. आठव्या दिवशी जवळजवळ दोनशे किलोची बुलेट अडीच फूट वर गेली. मी लगेच मित्रांना फोटो पाठवला.

एकच काम राहिले होते. फळी वर गेल्यावर अडकवायची जाड लोखंडी पिन. तिच्यासाठी भोके पाडायला बाबांनी सांगितले होते. "उद्या करतो," मी म्हणालो.

सकाळी पाहतो तर फळी खाली टेकलेली. गाडी पट्ट्यांनी बांधलेली होती म्हणून पडली नाही. पण खाली राहिलेला ग्रीसचा डबा चपटा झाला होता. आदल्या संध्याकाळी त्याच जागी हात घालून मी पडलेला नट शोधत होतो.

कारण साधे आहे. जॅकमध्ये सगळे वजन तेलावर असते. सीलमधून तेल हळूहळू सरकले, की फळी आवाज न करता खाली येते. जॅकचे काम उचलण्याचे. धरून ठेवायला लोखंडच हवे.

बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फोटो ज्यांना पाठवलास, त्यांना आता हेही कळव."

मग आम्ही पिन बसवली. वाळूच्या तीस-तीस किलोच्या दहा गोण्या फळीवर ठेवल्या, जॅक काढून घेतला आणि चोवीस तास थांबलो. फळी हलली नाही. तेव्हाच बुलेट पुन्हा वर चढली.

काही जण म्हणतील, असल्या वस्तू घरी बनवूच नयेत, विकत आणाव्यात. मला हे पटत नाही. स्वतः बनवताना जे कळते ते विकत मिळत नाही. पण स्वतः बनवलेल्या वस्तूची तपासणी करणारा दुसरा कोणी नसतो, तीही आपणच करायची असते. 'एकदा चालले' म्हणजे तपासणी नव्हे.

आपल्या हॉबी क्लबच्या प्रदर्शनातही मॉडेल चालले की टाळ्या पडतात. माझ्या मते प्रत्येक कॅडेटला आणखी एक प्रश्न विचारावा : "हे बिघडले, तर कोणाला लागेल?" ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याचे मॉडेल अजून पूर्ण झालेले नाही, असे समजावे.

माझी लिफ्टही त्या दिवशी पूर्ण झालेली नव्हती. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला. राहिलेले कळवायचे होते, ते या पानावर कळवले.