वीस हजार कोटींतले आपल्या गावात किती आले?

मंडळी, मे 2020 आठवतो ना? लॉकडाऊन, आठवडी बाजार बंद, मासोळी पकडली तरी घ्यायला कोणी नाही. तेव्हाच दिल्लीहून 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात मासेमारीच्या नावानं 20 हजार कोटी. सप्टेंबरात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली, पाच वर्षांसाठी 20,050 कोटी. आपण सगळ्यांनी तो आकडा मोबाईलवर पुढे पाठवला.

आता तोच आकडा जरा फोडून पाहा. केंद्राचे 9,407 कोटी, राज्यांचे 4,880 कोटी, आणि उरलेले 5,763 कोटी? ते हितग्राहींचे. म्हणजे तुमचे-आमचे. रुपयातले चार आण्यांहून जास्त आपल्याच खिशातले, आणि नाव मदतीचं!

बहुतेक कामांना अनुदान 40 टक्के, बाया आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. बाकीचा पैसा आपण उभा करायचा. ज्याच्याकडे जमीन आहे, बँकेत पत आहे, त्याला हे जमतं. पण डोंगा आणि जाळं एवढीच ज्याची पुंजी, त्यानं काय करावं? म्हणून किती कोटी खर्च झाले एवढं विचारून भागत नाही. कोणाच्या हातात गेले ते विचारायला पाहिजे.

पैसा एकदा गेला की शोधता येत नाही, असं काही जण म्हणतात. 2008 मध्ये अमेरिकेनं बुडत्या बँकांसाठी 700 अब्ज डॉलरची तरतूद केली, तेव्हा तिथल्या अर्थखात्याचंही हेच म्हणणं होतं. सरकारचा पैसा बँकेच्या पैशात मिसळला, आता वेगळा कसा ओळखायचा? त्या पैशावर नजर ठेवायला नेमलेले नील बारोफ्स्की यांनी 2009 मध्ये साडेतीनशेहून जास्त बँकांना सरळ पत्रं पाठवली, की बाबांनो, पैशाचं काय केलं ते सांगा. आणि बँकांनी सांगितलं! कोणी कर्ज वाटलं, कोणी जुनी देणी फेडली, कोणी चक्क दुसरी बँक विकत घेतली.

आपल्याला तर एवढंही अवघड नाही. बंदीच्या काळातली मदतच घ्या. हितग्राहीचे 1,500, सरकारचे 3,000, मिळून 4,500 रुपये. गावात किती नावं आणि किती खात्यांत पैसे आले, हे घरोघरी विचारून एका संध्याकाळी कळतं. तळी, बर्फाच्या पेट्या, गाड्या यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. अर्जात गोलमोल लिहू नका. गावनिहाय नावं, काम कोणतं, मंजूर किती, दिले किती, कोणत्या तारखेला, एवढंच मागा.

आणि हो, आपल्या समितीलाही सोडू नका. ठेक्याची रक्कम, मत्स्यबीजाची बिलं भिंतीवर लागली पाहिजेत. आपलंच खातं झाकून ठेवलं तर साहेबाला कोणत्या तोंडानं विचारणार?

15 ऑगस्टला ग्रामसभा असते. नदीतली बंदीही त्याच दिवसापर्यंत, म्हणजे जाळं टाकायला कोणी गेलेलं नसेल. आपापली पासबुकं घेऊन या.