डब्यात मिरची लावा, पण तिच्यावर भाकरी भागवू नका

परसबाग हा शब्द हल्ली बचत गटाच्या आणि अंगणवाडीच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. सप्टेंबरचा पोषण माह आला की त्याचे फलकही लागतात. ज्यांच्या घराला परसच नाही त्यांनी बाग कुठे लावायची, हे मात्र कुठल्याच फलकावर नसतं. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, दारापुढे हातभर ओटा, ओट्याला लागून गटार आणि डोक्यावर तापलेला पत्रा. पाणी येतं ते तासभर, आणि त्यासाठीही नंबर.

तरीही आमचं म्हणणं आहे की लावा. एवढ्या जागेतही लावा, आणि सुरुवात मिरचीने करा. आमच्यातल्या बहुतेक जणींनी जीएनएमचा डिप्लोमा करून दवाखान्यांत ड्युट्या केल्या आहेत. आता आम्ही वस्त्यांत फिरतो, आणि गेली काही वर्षं घरोघरी डबे लावायला सांगतो. मिरचीच का, तर ती रोज लागते, बादलीएवढ्या मातीत जगते, एकदा लागली की महिनोन्‌महिने तोडता येते, आणि बी विकत आणावं लागत नाही. पालक काही वेळा कापला की संपतो. टोमॅटोला आधार लागतो, जागा लागते. मिरचीचं झाड गुडघ्याएवढं झालं तरी घर चालवतं. मात्र आमची एक अट आहे, ती आधी सांगतो, कारण डब्यापेक्षा ती महत्त्वाची आहे.

मिरची मुळात इथली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती अमेरिका खंडातून आली. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा असे, आणि मिरी सगळ्यांना परवडणारी नव्हती. मिरची कुठेही रुजली, बांधावर, उकिरड्यावर, म्हणून ती गरिबाची झाली. आपल्या घरांत तिला जे स्थान मिळालं ते काही फक्त चवीमुळे नाही. कालवण जाळ तिखट केलं की वाटीभर कालवणात चार भाकरी उतरतात. डाळ पातळ असली तरी कळत नाही. तेल नसलं तरी ठेचा लागतो. आमच्या आज्ज्यांनी हे गणित पक्कं जमवलं होतं आणि त्यावर घरं जगवली. त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण आज कोणी छाती फुगवून सांगतो की “आमच्याकडं तिखट खातात, आमची माणसं मिरची-भाकरीवर राबतात”, तेव्हा आम्हाला त्याच घरातल्या बाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघावीशी वाटते. आत लाल दिसायला हवं तिथे बहुतेक वेळा फिकट गुलाबी, कधी कधी तर पांढरंच दिसतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. मिरची ही कमतरता भरून काढत नाही. ती मदत करते ती वेगळ्या प्रकारे. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 100 मिलिग्रॅम, आणि क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. पण 100 ग्रॅम मिरची कोण खातं? दोन मिरच्या म्हणजे दहा ग्रॅम, त्यातून मिळतात दहा मिलिग्रॅम. बाईची रोजची गरज 65 ची. शिजवली, वाळवली की त्यातलंही बरंच जातं. एक पेरू दिवसभराची गरज भागवून वर उरतो, आणि अर्धं लिंबू डाळीवर पिळलं तरी पुष्कळ. तेव्हा मिरची कच्ची, चटणीत, कोथिंबिरीसोबत खा, आणि ती कशासोबत खाता तिकडे लक्ष द्या. उसळ, चवळी, शेवगा, माठ, अंडं, सुकट, कलेजी यांच्यासोबत मिरची कामाची. नुसत्या भाकरीसोबत ती फक्त भूक फसवते.

कोणी म्हणेल, हे सगळं आणायला पैसे कुठून? प्रश्न बरोबर आहे. 2015 मध्ये राज्यात बैल-वळूच्या मांसावरही बंदी आली आणि कित्येक घरांच्या ताटातून स्वस्तातलं प्रथिन गेलं, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की मिरची-कोथिंबिरीचे रोजचे दहा-वीस रुपये वाचतील ते बाजूला काढा आणि आठवड्याची अंडी त्यातून आणा. डबा लावण्याचा खरा फायदा तो. आणि गरोदर बाईला मिळणारी लोहाची गोळी, 180 दिवसांची, बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवसांची, ती डब्यात पडू देऊ नका. लिंबूपाण्यासोबत घ्या. चहासोबत घेतली तर चहा ती अंगाला लागू देत नाही.

आता लावण्याचं. तेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा सगळ्यांत चांगला. फुटकी बादली, पाण्याचा वीस लिटरचा कापलेला जारही चालतो. खोली वीतभर तरी हवी, एक फूट असेल तर उत्तम. तळाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडा. ही गोष्ट निम्मी घरं टाळतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात मुळं कुजून झाड मान टाकतं. रंगाचे, औषध फवारणीचे, बॅटरीचे डबे घेऊ नका, भंगारात कितीही स्वस्त मिळाले तरी. जुन्या रंगात आणि बॅटरीत शिसं असतं, आणि शिसं लहान पोराच्या मेंदूवर जातं.

माती गटाराकाठची काढायची नाही. ती काळी, भुसभुशीत दिसते म्हणून बायका हमखास तीच उचलतात. जिथे पोरं उघड्यावर बसतात तिथल्या मातीत जंताची अंडी असतात, ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि न धुता खाल्लेल्या मिरची-कोथिंबिरीवरून पोटात जातात. आधीच रक्त कमी, त्यात जंत. रोपवाटिकेतून पिशवीभर माती आणि तेवढंच शेणखत किंवा गांडूळखत आणा, थोडी वाळू मिसळा. एकदाच खर्च होतो, पुढे दोन-तीन वर्षं तीच माती खत घालून चालते.

बी घरातल्या सुक्या लाल मिरचीतलं घ्या. बाजारातली हायब्रीड असेल तर झाडं तशीच निघतील असं नाही, म्हणून गावाकडून कोणी लवंगी किंवा ज्वाला आणत असेल तर तिचं बी मागून घ्या. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योतीही डब्यात बरी, मिरच्या घोसाने लागतात. चहाच्या कपात बी टाकलं की आठ-पंधरा दिवसांत उगवतं. महिना-सव्वा महिन्याने रोपाला पाच-सहा पानं आली की एका डब्यात एकच रोप लावा. दोन लावली तर दोन्ही खुरटतात, हे सांगूनही लोक दोन लावतातच. पुढे दोन महिन्यांत हिरवी मिरची हाताला लागते. मेच्या उन्हात फुलं गळली तर घाबरू नका, उष्णता उतरली की पुन्हा धरतात. ऊन पाच-सहा तास लागतंच. ज्या घराला उन्हच नाही त्यांनी शेजारणीच्या ओट्यावर डबा ठेवावा आणि निम्मी मिरची तिला द्यावी.

पाणी तांदूळ-डाळ धुतलेलं घाला, साबणाचं नको. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच घाला. पानं वर वळून आकसली तर तो चुरडा-मुरडा, ज्याला कोणी बोकड्याही म्हणतात. फुलकिडे, पांढरी माशी, कोळी यांचं ते काम. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून पानांच्या खालून फवारा, आणि जास्त आकसलेलं झाड उपटून टाका, नाहीतर शेजारचंही जातं. दुकानातलं कीटकनाशक आणू नका. एका खोलीच्या घरात ते ठेवायला जागा नसते, मग ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत फळीवर जातं. दवाखान्यात असं विष प्यालेली पोरं आम्ही पाहिली आहेत. पुरेशी पाहिली.

हे सगळं काम घरातल्या बाईच्या अंगावर पडणार असेल तर डबा लावू नका, असंही आम्ही सांगतो. ती आधीच चार वाजता उठते. पाणी घालायचं काम पोराला द्या. पोरीलाच नको.

डब्याखाली ताटली ठेवली तर दर आठवड्याला ती रिकामी करून घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही टिकतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. डास शोधायला येणारे पालिकेचे कर्मचारी वस्तीतली पिंपं आणि डबे दाखवून आपल्यालाच दोष देतात. पिंपं भरून ठेवावी लागतात ती नळाला रोज पाणी नसतं म्हणून, हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना तसं स्पष्ट सांगा. ताटली तरीही घासा.

मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हाताची आग पाण्याने जात नाही. आधी गोडं तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंड भाजलं तर दही किंवा दूध. डोळ्यात गेलं तर मात्र तेल-दूध काही नको, भरपूर स्वच्छ पाणी, दहा-पंधरा मिनिटं. भाजण्याची जाणीव देणाऱ्या नसेच्या ज्या दारातून उष्णता आत जाते त्याच दारातून मिरची जाते, हे शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये दाखवलं आणि त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. बाळाच्या गालाला लागलेला तिखट हात बाळासाठी निखाराच असतो. म्हणूनच हौसेने जोलोकियाचं रोप आणणाऱ्या तरुणांना आम्ही नको म्हणतो. रांगतं मूल असलेल्या घराच्या ओट्यावर ती मिरची कशाला?

बंद खोलीत मिरच्या भाजू नका. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्याला तो ठसका महागात पडतो. आणि मीठ-मिरची चुलीत टाकून बाळाची दृष्ट काढणं अजून आपल्याही काही घरांत चालतं, हे लिहिताना लाज वाटते. बाळ रडतं ते तापाने, कानदुखीने किंवा भुकेने. धूर घेतल्यावर ते खोकत खोकत थकून झोपतं, आणि आजी म्हणते दृष्ट उतरली.

तिखटाने पोटात अल्सर होतो, हा समज बहुतेक घरांत आहे. अल्सर बहुतांशी एका जिवाणूमुळे होतो, तो 1982 मध्ये सापडला. दुसरं मोठं कारण अंगदुखीच्या गोळ्या. मेडिकलमधून दहा रुपयांत आणून रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने पोटाला जखम होते आणि बोलणी मिरचीला बसतात. ज्यांना आधीच आम्लपित्त किंवा मूळव्याध आहे त्यांनी तिखट कमी करावं, एवढंच.

लाल तिखट शक्यतो मिरची आणून कुटून घ्या. सुटं तिखट घेतलंच तर चमचाभर ग्लासातल्या पाण्यावर टाकून बघा. विटेची भुकटी तळाशी बसते, पाण्यात विरघळणारा रंग असेल तर लाल रेघा उतरतात. सुदान नावाचा रंग मात्र या परीक्षेत सापडत नाही, तो तेलात विरघळणारा. 2003 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या मालात तो सापडला तेव्हा तिकडे तातडीने निर्बंध आले. वस्तीच्या किराणा दुकानातल्या सुट्या तिखटाची तपासणी करायला शेवटचं कोण आलं होतं, हे आठवून बघा. बुरशीचा वास येणारी, काळवंडलेली सुकी मिरची स्वस्त मिळाली तरी नको, तिच्यातलं विष यकृतावर जातं.

राहिलं एक, आणि ते तरुण पोरांसाठी. घरचाच ठेचा, नेहमीचाच, अचानक तोंडात जास्त झोंबू लागला, तर “मिरची तिखट निघाली” म्हणून सोडून देऊ नका. गुटखा, मावा, खर्रा, सुपारी खाणाऱ्याच्या तोंडाची आतली कातडी कडक होऊ लागते, आणि त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते की तिखट सोसत नाही. पूर्वी काही जण या आजाराचा दोष मिरचीलाच देत. कारण सुपारी आहे. पुढे गाल आतून पांढरट पडतात, तोंड कमी उघडतं, आणि त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगतं.

तपासायला डॉक्टर लागत नाही. आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. जात नसतील, किंवा जाताना गाल ताणून दुखत असतील, तर सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात जा. व्यसन सुटत नसेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा फुकट नंबर आहे. मिशेरी लावणाऱ्या बहिणींनीही तोच फिरवावा.